अरबी समुद्राच्या तळाशी कोण राहणार, हे ठरतं कशावर?

नमस्कार मंडळी! कोल्हापुरातून आंबा घाट उतरून रत्नागिरीला गेलं की समोर अरबी समुद्र. तिथली सुरमई आपल्या ताटात येते. पण त्याच समुद्रात आणखी पुढे, जिथे तळ उताराला लागतो, तिथल्या चिखलात कोण राहतं?

जितकं खोल जाल तितके जीव कमी, असंच वाटतं ना? १८४३ मध्ये एडवर्ड फोर्ब्स या शास्त्रज्ञानं तर सांगून टाकलं होतं की साधारण ५५० मीटरखाली काही जगतच नसावं. अरबी समुद्रात मात्र गंमत बघा. साधारण १५० ते १००० मीटरच्या पट्ट्यात पाण्यात ऑक्सिजन जवळपास नसतोच, आणि त्याखाली तो पुन्हा वाढायला लागतो!

याचं कारण वर आहे. पावसाळी वाऱ्यांमुळे खालचं पोषक पाणी वर येतं, सूक्ष्म वनस्पती माजतात, मरून खाली जातात आणि कुजताना ऑक्सिजन खातात. रंकाळ्यात केंदाळ कुजल्यावर तळाला होतं तेच, पण लाखो चौरस किलोमीटरवर.

या पट्ट्यात खेकडे, तारामासे फारसे टिकत नाहीत. इथे पॉलिकीट नावाच्या बारीक कृमींचं राज्य. त्यातल्या काहींचे कल्ले अंगाच्या मानानं चांगलेच मोठे, मिळेल तेवढा ऑक्सिजन ओढायला. फोरॅमिनिफेरा हे एकपेशीय जीव तर त्याहून पुढचे. त्यांच्यातले काही चक्क ऑक्सिजनऐवजी नायट्रेट वापरून श्वसन करतात!

मला सगळ्यात भारी वाटतो तो या पट्ट्याचा खालचा काठ. वरून आलेलं अन्न अजून बरंच शिल्लक आणि ऑक्सिजनही थोडा परतलेला. मग तिथे जीवांची झुंबड उडते.

चार-पाच हजार मीटरवर अडचण अन्नाची. वरच्या उत्पादनातला जेमतेम एखादा टक्का तिथे पोचतो, त्यामुळे बहुतेक जीव लहान आणि विरळ. शिवाय स्पंज नावाच्या प्राण्यांपैकी बऱ्याच जणांना चिकटायला काहीतरी टणक लागतं. अशा खोल चिखलाच्या मैदानात काही ठिकाणी टणक म्हणजे मँगनीज या धातूचे गोळे, दहा लाख वर्षांत काही मिलिमीटर वाढणारे.

मध्य हिंदी महासागरात ७५,००० चौरस किलोमीटरवर हे गोळे शोधण्याचा हक्क भारताकडे आहे. ते उचलण्याआधी तिथल्या जीवांची नीट नोंद व्हायलाच हवी, असं मला मनापासून वाटतं. गोळे उचलल्यावर तळाचं काय होईल हे बघायला १९८९ मध्ये पेरूजवळ जर्मन शास्त्रज्ञांनी असाच खोल तळ मुद्दाम नांगरून पाहिला होता. २०१५ मध्ये ते परत गेले, तेव्हा नांगराचे चर तसेच दिसत होते.