ज्वारीच्या आडोशाने

ही ज्वारी. मंगळवेढ्याची नव्हे, ईशान्य चीनमधली. तिकडे तिला काओलियांग म्हणतात. ऑगस्टमध्ये ती एवढी उंच होते की आत शिरलेला घोडासुद्धा बांधावरून दिसत नाही. १९३२ साली या ताटांमध्ये माणसं दबा धरून बसलेली असायची.

जपानविरुद्ध चीनने दिलेला लढा आपल्याला ठाऊक आहे तो सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांमुळे. ते चीनला पोचले १९३८ मध्ये. ही गोष्ट त्याच्या सात वर्षं आधीची.

१८ सप्टेंबर १९३१. मुकदेन, म्हणजे आजचं शेनयांग. रात्री जपानी लष्करानेच रेल्वेरुळाजवळ स्फोट घडवला, आळ चिन्यांवर घातला आणि दुसऱ्या दिवशी शहर घेतलं. चिनी फौजेला वरून हुकूम होता, प्रतिकार करू नका.

अनेकांना तो हुकूम पाळवला नाही. नोव्हेंबरमध्ये नेन नदीच्या पुलापाशी जनरल मा झानशान लढायला उभा राहिला, आणि मग ठिकठिकाणी माणसं उठली. फौजेतून फुटलेले शिपाई, पोलीस, शेतकरी, कालपर्यंत वाटा लुटणारे दरोडेखोरसुद्धा. या लढणाऱ्यांना स्वयंसेवक म्हणत. भर ओसरण्याआधी त्यांचा आकडा तीन लाखांपर्यंत गेला होता, असा अंदाज आहे. त्यात 'लाल भाले' नावाच्या जथ्यांतले शेतकरी होते. मंतरलेला ताईत अंगावर असला की गोळी लागत नाही, ही त्यांची श्रद्धा. हातात भाला आणि समोर मशीनगन असताना माणूस आणखी कशाच्या भरवशावर पुढे जाणार?

१५ सप्टेंबर १९३२ च्या रात्री स्वयंसेवकांनी फुशुनच्या कोळसाखाणीवर हल्ला केला. जाताना वाटेत पिंगडिंगशान गाव लागलं. गावाने जपान्यांना खबर दिली नाही, एवढाच गावाचा गुन्हा. दुसऱ्या दिवशी जपानी सैनिक आले. फोटो काढायचाय, असं सांगून त्यांनी बायकापोरांसकट सगळ्यांना टेकडीच्या पायथ्याशी जमवलं आणि गोळ्या घातल्या. चिनी नोंदींनुसार सुमारे तीन हजार माणसं. आजही तिथे त्यांचे सांगाडे जसेच्या तसे जपून ठेवलेत.

कापणी झाली की रान उघडं पडायचं. वर मांचुरियाची, म्हणजे याच ईशान्य चीनची थंडी. १९३३ उजाडेपर्यंत मोठ्या फौजा मोडल्या, काही सरहद्द ओलांडून रशियात गेल्या. जपान्यांनी रुळांच्या कडेला उंच पीक घ्यायला बंदी केली. पुढे वाड्या-वस्त्या उठवून लोकांना भिंतीआड कोंडलं, म्हणजे जंगलातल्यांना भाकरी पोचू नये.

तरीही काही जण जंगलात टिकून राहिले. त्यांतला एक सेनापती यांग जिंग्यू. फेब्रुवारी १९४० मध्ये तो एकटा उरला होता. गुडघाभर बर्फ, मागावर शेकडो सैनिक. अन्न मागायला तो ज्यांच्यापुढे आला, त्यांच्याकडूनच खबर फुटली. २३ फेब्रुवारीला त्याला घेरून मारलं. वय पस्तीस.

इतके दिवस हा माणूस जगला कशावर, हे पाहायला जपान्यांनी त्याचं पोट फाडलं. आत झाडाची साल होती, गवताची मुळं होती, कपड्यातला कापूस होता. ज्वारीचा एक दाणा नव्हता.