उलटं पाणी

नमस्कार श्रोतेहो.

सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वी इजिप्तचा राजा पहिला थुतमोस फौज घेऊन निघाला, तो थेट युफ्रेटिस नदीच्या काठाला जाऊन पोचला. आजच्या सुदानमध्ये तोंबोस नावाचं ठिकाण आहे, तिथल्या त्याच्या शिलालेखात या नदीचा उल्लेख सापडतो. तिला म्हटलंय ‘उलटं पाणी’. का, तर ती दक्षिणेकडे वाहते!

आपल्याला यात काही नवल वाटत नाही. गोदावरी पूर्वेला जाते, तापी पश्चिमेला, आणि दोघींपैकी कुणालाही आपण उलटी म्हणत नाही. पण इजिप्तच्या माणसाने जन्मभर एकच नदी पाहिलेली, नाईल, दक्षिणेकडून उत्तरेला जाणारी. प्रवाहाबरोबर जाणं आणि उत्तरेला जाणं, याला त्याच्या भाषेत एकच शब्द होता. दक्षिण म्हणजे वर, उत्तर म्हणजे खाली. म्हणून ‘वरचा इजिप्त’ आपल्या नकाशात खाली असतो आणि ‘खालचा इजिप्त’ वर. शाळेत असताना हे काही केल्या माझ्या डोक्यात शिरत नसे. मला वाटायचं, पुस्तकातच छपाईची चूक आहे.

या नदीला वाऱ्याचीही साथ होती. इजिप्तमध्ये वारा बहुतेक वेळ उत्तरेकडून वाहतो. खाली जायचं तर प्रवाह नेतो, वर यायचं तर शीड उभारलं की वारा आणतो. त्यांच्या चित्रलिपीत दक्षिणेला जाण्याची खूण म्हणजे शीड उभारलेली नाव, आणि उत्तरेला जाण्याची खूण म्हणजे शीड उतरवलेली नाव. अशा देशात ज्याच्याकडे नाव नाही तो खरा गरीब. थडग्यांच्या भिंतींवर मेलेला माणूस आपली पुण्यकर्मं सांगतो: भुकेल्याला भाकरी दिली, उघड्याला वस्त्र दिलं, आणि ज्याला नाव नव्हती त्याला पैलतीराला पोचवलं. अन्न, वस्त्र आणि तिसरी नाव!

नदीच्या दोन्ही काठांना गाळाची काळी जमीन. तिचा पट्टा कुठे दोन-चार किलोमीटर, कुठे वीसेक. त्यापलीकडे एकदम वाळवंट. मधे माळरान नाही की झुडपं नाहीत. एक पाय पिकात आणि दुसरा वाळूत ठेवून उभं राहता येतं. लोक आपल्या देशाला ‘केमेत’ म्हणत, म्हणजे काळी भूमी, आणि वाळवंटाला ‘देश्रेत’, लाल भूमी. काळी जमीन पिकासाठी, तेव्हा मढी पुरायची लाल जमिनीत. त्या कोरड्या वाळूत प्रेतं आपोआप सुकून टिकायची. ममीची पुढची सगळी खटपट सुरू होण्याच्या कितीतरी आधीपासून वाळू ते काम फुकटात करत होती.

आता पाण्याकडे येऊ. कैरोला वर्षाकाठी जेमतेम २५ मिलिमीटर पाऊस पडतो, आणि दक्षिणेला अस्वानकडे जवळपास काहीच नाही. तरी दर उन्हाळ्यात, आभाळ कोरडं ठणठणीत असताना, नदी फुगायला लागायची. ते पाणी इथिओपियाच्या डोंगरांवर जून ते सप्टेंबरात पडणाऱ्या पावसाचं. निळी नाईल आणि अतबारा या नद्या ते घेऊन येतात. हा पाऊस आपल्या मोसमी पावसाचाच भाऊबंद आहे. दोघांचं नशीबही पुष्कळदा एकत्रच फिरतं. १८७६ ते १८७८ या काळात दख्खन दुष्काळाने होरपळत होती, त्यातल्याच १८७७ साली नाईलचा पूरही फारच कमी आला. दोन्हीकडे कारण एकच, दूर प्रशांत महासागरात त्या वर्षी उद्भवलेला एल निनो.

प्राचीन इजिप्तच्या लोकांना इथिओपियाचे डोंगर ठाऊक नव्हते. त्यांना ठाऊक होता तारा. आपण ज्याला व्याध म्हणतो, तो सुमारे ७० दिवस दिसेनासा व्हायचा आणि एका पहाटे सूर्योदयाच्या जरा आधी पूर्वेला पुन्हा उगवायचा. मग पूर यायचा. मृग लागला की आपला शेतकरी ढगांकडे बघतो, तसा इजिप्तचा शेतकरी नदीकडे बघायचा. वर्षाचे ऋतू तीनच: पुराचा, पेरणी-वाढीचा आणि सुगीचा.

ग्रीक इतिहासकार हेरोडोटसने इजिप्तला नदीची देणगी म्हटलं, तेव्हापासून सगळे तेच म्हणत आलेत. मला ते वाक्य अर्धंच खरं वाटतं. देणगी म्हटलं की घेणारा स्वस्थ बसलाय असं वाटतं. इथे तर बांध घालून शेतांचे मोठाले वाफे करायचे, पूर आला की त्यांत पाणी घ्यायचं, महिना-दीड महिना कोंडून ठेवायचं, गाळ बसू द्यायचा, मग पाणी पुढच्या वाफ्यात सोडायचं. ओल्या चिखलात गहू, जव, जवस फेकायचे आणि वरून मेंढरं फिरवून बी तुडवून घ्यायचं. आणि या सगळ्याआधी मोजायचं.

मोजायचं म्हणजे पाणी किती चढलं ते. अस्वानजवळ एलिफन्टाइन नावाचं बेट आहे. तिथे नदीत उतरणारा पायऱ्यांचा जिना आहे आणि त्याच्या भिंतीवर हातांच्या खुणा कोरल्या आहेत. हात म्हणजे आपलंच जुनं माप, कोपरापासून बोटांपर्यंत. त्यांचा राजहात सुमारे साडेबावन्न सेंटिमीटरचा. रोमन लेखक प्लिनीने या मोजमापाचा हिशेब देऊन ठेवलाय: बारा हात चढलं तर दुष्काळ, तेरा हात तरी उपासमार, चौदा हातांना आनंद, पंधराला निर्धास्ती आणि सोळाला चैन. सगळा देश चार हातांच्या फरकावर! त्याहून फार चढलं तर बांध फुटणार, मातीची घरं विरघळणार. पाण्याच्या उंचीवरून पीक किती येईल हे सरकारला पेरणीआधीच कळायचं, आणि सारा किती घ्यायचा हेही. कारकुनांचं राज्य तिथे एवढं माजलं त्यात काय आश्चर्य!

पाण्याचा हिशेब मेल्यावरही सुटत नसे. परलोकात बेचाळीस देवांपुढे उभं राहून मृताला सांगावं लागे की मी खून केला नाही, मी चोरी केली नाही. त्याच यादीत हेही होतं: मी वाहत्या पाण्याला बांध घातला नाही. पाटाच्या पाळीवरून झालेली भांडणं ज्यांनी पाहिलीत, त्यांना हे वाक्य त्या यादीत का आलं हे सांगायला नको.

पूर नुसता पिकांसाठी नव्हता. २०१३ साली तांबड्या समुद्राच्या काठी वादी अल-जर्फ इथे पिएर ताले या फ्रेंच संशोधकाला पपायरसचे, म्हणजे लव्हाळ्यापासून केलेल्या कागदाचे, तुकडे सापडले. गिझाचा मोठा पिरॅमिड बांधवणाऱ्या खुफू राजाच्या काळातला मेरेर नावाचा मुकादम त्यांत आपली रोजनिशी लिहितो. चाळीसेक माणसं घेऊन तो तुराच्या खाणीतला चुनखडीचा दगड नावेतून गिझाला नेत होता, दहा दिवसांत दोन-तीन खेपा. पुराचं पाणी कालव्यांत चढलं की नाव पिरॅमिडच्या पायथ्याजवळ पोचायची. जगातली सगळ्यात प्रसिद्ध इमारत उभी राहत होती आणि रोजनिशीत फक्त एवढंच: आज इथे दगड भरला, आज तिथे मुक्काम.

१९७० साली अस्वानचं मोठं धरण पुरं झालं. आता पूर येत नाही आणि गाळ धरणातच बसतो. शेताला विकतचं खत घालावं लागतं.

जाता जाता एका कुटुंबप्रमुखाची गोष्ट. हेकानख्त त्याचं नाव, काळ सुमारे चार हजार वर्षांपूर्वीचा. लक्सरजवळच्या एका थडग्यात १९२१-२२ च्या उत्खननात त्याची पत्रं सापडली. परगावाहून तो घरी लिहितोय. पूर कमी आलाय. घरातल्या प्रत्येकाला किती धान्य द्यायचं याची त्याने यादी केलीय. तो बजावतो, कुरकुर करू नका, अगदी मरण्यापेक्षा अर्धपोटी जगणं बरं. इकडे तर लोक माणसं खायला लागलेत. लगेच पुढे चिडतो, मला जुने वाळके जव पाठवता आणि स्वतः नवे खाता काय? धाकट्या स्नेफ्रूला मात्र काही बोलायचं नाही, त्याला हवं ते करू द्या.

त्यातलं एक पत्र घरच्यांना नव्हतं. येणं असलेलं धान्य वसूल करायला मदत करा, असं त्याने एका अधिकाऱ्याला लिहिलं होतं. धान्य मोजायला लोकांची मापं चालायची नाहीत, म्हणून स्वतःचं माप सोबत पाठवतोय, काळं कातडं लावलेलं, असंही त्यात होतं. ते पत्र पोचलंच नाही. संशोधकांच्या हाती आलं तेव्हा ते घडी घातलेलं होतं आणि त्याची मोहोर शाबूत होती.

नमस्कार.