एका ट्रान्सपॉन्डरवर किती वाहिन्या?

दूरचित्रवाणीचे साधे, म्हणजे ७२० गुणिले ५७६ बिंदूंचे चित्र सेकंदाला २५ फ्रेम या गतीने जसेच्या तसे पाठवायचे ठरवले, तर दर सेकंदाला सुमारे १२४ मेगाबिट माहिती पाठवावी लागते. डीटीएच, म्हणजे थेट घरच्या डिशवर वाहिन्या पोहोचवणाऱ्या सेवेच्या उपग्रहावरच्या ३६ मेगाहर्ट्झच्या एका ट्रान्सपॉन्डरमधून (जमिनीवरून आलेला सिग्नल परत जमिनीकडे पाठवणाऱ्या यंत्रणेतून) मात्र जुन्या डीव्हीबी-एस पद्धतीने साधारण ३८ मेगाबिटच जातात. म्हणजे कॉम्प्रेशन, अर्थात माहिती आटवून कमी बिटांत बसवणे, नसेल, तर अख्ख्या ट्रान्सपॉन्डरवर एक वाहिनीसुद्धा मावत नाही. आणि उपग्रह एकदा कक्षेत गेला, की त्यावरचे ट्रान्सपॉन्डर वाढवता येत नाहीत.

एमपेग-२ या कॉम्प्रेशनच्या पद्धतीने एक वाहिनी तीन-चार मेगाबिटांत बसवली आणि त्याच जागेत दहाच्या आसपास वाहिन्या आल्या. वृत्तनिवेदिका बोलत असते तेव्हा तिच्यामागची भिंत हलत नाही, म्हणून एन्कोडर, म्हणजे चित्र आटवणारे यंत्र, ती पुन्हा पाठवत नाही. ठरावीक अंतराने एक पूर्ण फ्रेम पाठवून मधल्या फ्रेमसाठी कोणता तुकडा कुठून कुठे सरकला, एवढेच तो कळवतो. या अंदाजात आणि खऱ्या चित्रात जो फरक उरतो, त्यावर डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्मची, म्हणजे चित्रातले ढोबळ आणि बारीक बदल वेगळे करणाऱ्या गणिताची, प्रक्रिया करून डोळ्यांना सहसा न जाणवणारे बारकावे गाळले जातात. हे गणित बेंगळुरूत जन्मलेल्या नासिर अहमद यांनी टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह १९७४ मध्ये प्रसिद्ध केले. घराघरांत रोज वापरल्या जाणाऱ्या या कामामागचे नाव आपल्याकडे इतके कमी घेतले जावे, याची खंत वाटते.

२००३ मध्ये एच.२६४ हे पुढचे कॉम्प्रेशन आले, ज्याला डीटीएचच्या व्यवहारात एमपेग-४ म्हणतात. त्याने हालचाल शोधण्याचे चौकोन ४ गुणिले ४ बिंदूंपर्यंत बारीक केले. २०१३ च्या एचईव्हीसी या त्याहून नव्या पद्धतीने निरभ्र आकाशासारख्या सपाट भागासाठी ६४ गुणिले ६४ चे मोठे चौकोनही वापरले. प्रत्येक टप्प्यावर तेवढ्याच दर्जाच्या चित्राला लागणारे बिट ढोबळमानाने निम्म्यावर आले. त्यातच, क्रिकेटच्या सामन्यात कॅमेरा चेंडूमागे सीमारेषेकडे वळला आणि मागची गर्दी सरकू लागली, की त्याच ट्रान्सपॉन्डरवरील संथ चर्चेच्या कार्यक्रमाचे थोडे बिट तेवढ्यापुरते सामन्याला देता येतात.

प्रत्यक्ष बचत किती होणार, हे मात्र घरातला सेट-टॉप बॉक्स ठरवतो. २००३ मधील डिश टीव्ही आणि २००६ मधील टाटा स्काय एमपेग-२ वर सुरू झाल्या. २००७ मध्ये आलेल्या सन डायरेक्टला जुने बॉक्स सांभाळायचे नव्हते, म्हणून तिने थेट एमपेग-४ पासून सुरुवात केली. डीडी फ्री डिशसाठी प्रसार भारती एमपेग-२ आणि एमपेग-४ अशा दोन्ही पद्धतींच्या वाहिन्यांसाठीच्या जागांचे लिलाव करत आली आहे, कारण जुन्या बॉक्सवर एमपेग-४ वाहिनी दिसतच नाही. तिथला बॉक्स प्रेक्षकाने स्वतःच्या पैशाने बाजारातून घेतलेला असतो. त्यामुळे बँडविड्थच्या हिशेबात एमपेग-२ बंद करणे कितीही फायद्याचे असले, तरी त्या घरांना नवा बॉक्स मिळण्याची सोय झाल्याशिवाय ते करू नये, असे आम्हाला वाटते.