रोज सकाळी डिस्क तपासत बसणारा कॉम्प्युटर

नमस्कार मंडळी.

बटण दाबलं, बीप वाजला, कंपनीचं चित्र येऊन गेलं, आणि मग विंडोज यायच्या ऐवजी पांढरी इंग्लिश अक्षरं, वन ऑफ युअर डिस्क्स नीड्स टू बी चेक्ड फॉर कन्सिस्टन्सी. खाली दहा सेकंद उलटे मोजत असतंय आणि आपण काय करतो, तर कुठलंही एक बटण हाणतो आणि पुढं जातो, कारण गिऱ्हाईक समोर उभं असतंय. दुसऱ्या दिवशी परत तेच. घरात, दुकानात, मागाच्या शेडमधल्या ऑफिसात ज्यांच्याकडं जुना कॉम्प्युटर आहे त्यांना हे नवीन नाही. आज त्याच्यावरच बोलू.

आता कुणी म्हणेल टाका की ओ तो भंगारात, आज कोण वापरतंय एक्सपी न् विंडोज सेव्हन. वापरतात की! आपल्या सोलापुरात नवी पेठेत, टिळक चौकात छपाईवाल्याच्या दुकानात जाऊन बघा, लग्नपत्रिका अजून पेजमेकरवर बसतीय, मराठी फॉन्टच्या सॉफ्टवेअरचा डोंगल, म्हणजे जो लावल्याशिवाय ते सॉफ्टवेअर चालतच नाही तो तुकडा, त्याच एका मशीनला चालतोय, नवीन मशीनला तो मागच्या बाजूचा रुंद पोर्टच नसतो. चादर-टॉवेलवाल्यांचे जुने हिशोब टॅलीच्या जुन्या व्हर्जनमध्ये अडकलेत. घरात म्हणाल तर पोरांच्या बारशापासूनचे फोटो त्याच डब्यात. एक्सपीचा सपोर्ट मायक्रोसॉफ्टनं ८ एप्रिल २०१४ ला बंद केला, सेव्हनचा १४ जानेवारी २०२० ला, आणि विंडोज टेनचा १४ ऑक्टोबर २०२५ ला, म्हणजे टेनवाले पण आता जुन्याच रांगेत आले. अशा मशीनला नेट जोडू नका एवढं सांगतो, पण बंद करा असं मी म्हणणार नाही. ज्याचं काम त्याच्यावर चाललंय त्याला माहिती.

तर पहिली गोष्ट. डिस्क तपासा असं कॉम्प्युटर म्हणतंय म्हणजे नेमकं काय झालंय? डिस्कवर एक खूण असते, तिला डर्टी बिट म्हणतात, ती लागलेली दिसली की विंडोज सुरू व्हायच्या आधी तपासणी सुरू होते. आता ही खूण लागते कशी, ते तुमचा ड्राइव्ह कुठल्या पद्धतीनं फॉरमॅट केलाय त्याच्यावर आहे. माय कॉम्प्युटर उघडा, सी ड्राइव्हवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, तिथं फाइल सिस्टीम लिहिलेली असते. फॅट थर्टीटू असेल तर लाइट गेली, मशीन धप्पकन बंद झालं की खूण लागणारच, त्यात घाबरायचं काही नाही, यूपीएसची बॅटरी तेवढी बदला, ती दोन-तीन वर्षांत बसतेच आणि आपण मात्र यूपीएस आहे की म्हणून निवांत असतो. पण एनटीएफएस असेल, आणि एक्सपीपासून पुढं बहुतेकांचं तेच असतं, तर गोष्ट वेगळी. एनटीएफएस स्वतःची एक वही ठेवतं, काय लिहायला घेतलं न् काय पूर्ण झालं त्याची, त्यामुळं साधी लाइट गेली तर पुढच्या वेळी ती वही बघून ते आपलं आपण सावरून घेतं, तपासणी मागत नाही. म्हणून एनटीएफएसवर रोज रोज तपासणी येत असेल तर लाइटला दोष देऊ नका, आत काहीतरी खरंच बिघडलंय.

खूण लागलीय का बघायचं असेल तर कमांड प्रॉम्प्ट, म्हणजे हुकूम टाइप करायची ती काळी खिडकी, अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा आणि टाइप करा, लिहून घ्या हां, एफ एस यू टी आय एल, स्पेस, डर्टी, स्पेस, क्वेरी, स्पेस, सी कोलन. एंटर मारलं की डर्टी आहे की नाही ते एका ओळीत सांगतं.

आणि आता जे सांगतो ते आजच्या बोलण्यातलं सगळ्यात महत्त्वाचं, बाकीचं विसरला तरी चालेल. तपासणी चालवायच्या आधी डेटा बाहेर काढा. आधी. नंतर नाही. लोकांचा समज असा की ही तपासणी, म्हणजे विंडोजचं चेकडिस्क, डेटा वाचवायचं काम करतं. तसं नाहीय. ते फाइल सिस्टीमचा हिशोब जुळवतं, आणि हिशोब जुळवताना एखादी फाइल आडवी आली तर तिचे तुकडे करून बाजूला ठेवायला ते मागंपुढं बघत नाही. सी ड्राइव्हवर फाउंड डॉट झिरो झिरो झिरो नावाचं लपलेलं फोल्डर आणि त्यात सीएचके नावाच्या फाइली कधी बघितल्या असतील, त्या तुमच्याच फाइलींचे तुकडे असतात. आणि डिस्क जर आतून मरायला लागली असेल तर कमांडच्या मागं स्लॅश आर लावून केलेली तपासणी म्हणजे डिस्कच्या प्रत्येक कोपऱ्यावर वाचायचा हट्ट, तासन्‌तास, वरून आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर आणि खोलीत पंखा पण कॉम्प्युटरकडं पाठ करून. आजारी माणसाला सिद्धेश्वरापासून विजापूर रोडपर्यंत पळवून बघायचं की दम लागतोय का, तसला प्रकार.

डेटा काढायचा कसा? विंडोज सुरू होत असेल तर सरळ आहे, पेन ड्राइव्ह किंवा बाहेरची डिस्क लावा, आधी हिशोब, मग फोटो, गाणी न् पिक्चर सगळ्यात शेवटी. टॅलीचं डेटा फोल्डर, डेस्कटॉप, माय डॉक्युमेंट्स, आणि छपाईवाल्यांनी फॉन्टचं फोल्डर विसरू नका, ते नसलं की जुन्या फाइली उघडतात पण अक्षरांच्या जागी किडे-मुंग्या दिसतात. विंडोज सुरूच होत नसेल तर पेन ड्राइव्हवरून चालणारं लिनक्स घ्या, इन्स्टॉल करायचं नाही, नुसतं ट्राय करायचं, त्यातून तुमचा सी ड्राइव्ह दिसतो आणि कॉपी करता येतं. मशीन फारच जुनं असेल तर ३२ बिटवालं लिनक्स लागेल, आणि काही मदरबोर्ड पेन ड्राइव्हवरून उठतच नाहीत, तिथं डीव्हीडी लागते. नाहीतर डिस्क काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडा, फक्त एक लक्षात ठेवा, तो दुसरा कॉम्प्युटर पण सुरू होताना ही डिस्क तपासू का म्हणून विचारेल, त्याला नाही म्हणा, तिथं मात्र ते बटण हाणायचंच. डिस्कमधून टिक टिक, कट कट असा ठरावीक आवाज येत असेल तर यातलं काहीच करू नका, मशीन बंद करा, आत वाचणारं हेड बिघडलंय, ते घरी होणारं काम नाही आणि प्रत्येक वेळी चालू करून बघताना नुकसान वाढतं. डिस्क फ्रीजमध्ये ठेवा वगैरे जे सांगतात ना, त्यांना त्यांची स्वतःची डिस्क फ्रीजमध्ये ठेवायला सांगा.

बरं, डेटा निघाला. आता दोष कुणाचा ते शोधू. डिस्क स्वतःची तब्येत स्वतः नोंदवत असते, त्याला स्मार्ट म्हणतात. कधी कधी सुरू होतानाच येतं, स्मार्ट स्टेटस बॅड, बॅकअप अँड रिप्लेस, प्रेस एफ वन टू रिझ्यूम. लोक एफ वन दाबत बसतात महिनोन्‌महिने! अहो ते बदला म्हणतंय. एरवी क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात निळं म्हणजे ठीक, पिवळं म्हणजे सांभाळा, लाल म्हणजे गेलं. त्या यादीत तीन ओळी बघायच्या. रिअलोकेटेड सेक्टर्स, म्हणजे खराब जागा सोडून राखीव जागा वापरली असे किती. करंट पेंडिंग सेक्टर, म्हणजे वाचता येत नाहीत असे किती रांगेत आहेत. हे दोन आकडे आठवड्या-आठवड्यानं वाढत असले तर डिस्कचा विषय संपला, नवीन आणा. आणि तिसरी ओळ कुणी बघत नाही, अल्ट्रा डीएमए सीआरसी एरर काउंट. हा एकटाच आकडा वाढत असेल आणि वरचे दोन शून्य असतील तर डिस्क चांगली आहे, वायर खराब आहे. स्वस्तातली साटा केबल, म्हणजे डिस्क बोर्डाला जोडणारी वायर, बदलायची, आणि आपण नवीन डिस्क घेऊन येतो.

वायरवरून आठवलं. अशोक चौकाकडं, अक्कलकोट रोडला एमआयडीसीत जिथं माग चालतात तिथला कॉम्प्युटर उघडला की आत काय असतं माहितीय का, सुताची बारीक लव, राखाडी, पंख्यावर अशी बसलेली की बोटानं पापुद्रा धरून उचलला तर अख्खा एका तुकड्यात निघतो, खाली प्रोसेसरचं हीटसिंक दिसतच नाही. मग मशीन तापतं, अर्ध्या तासात आपोआप बंद पडतं, आणि आपण म्हणतो विंडोज खराब झालं. प्लग काढा, ब्लोअर मारा, पण मारताना पंखा बोटानं धरा, तो ब्लोअरच्या हवेनं गरागरा फिरू देऊ नका. मग डिस्कची केबल, पॉवरची पिन काढून परत घट्ट बसवा. रॅम काढा, तिच्या सोनेरी पट्ट्यांवरून साधं खोडरबर हलक्या हातानं फिरवा, परत खट्ट आवाज येईपर्यंत दाबा. आणि मदरबोर्डवर जी उभी गोल डबीसारखी कपॅसिटर असतात त्यांची डोकी फुगलेली, तपकिरी काही गळालेलं दिसलं, तर कितीही तपासणी करा, उपयोग नाही.

आता एक प्रकार सांगतो ज्याच्यापायी सोलापुरात कितीतरी मशीन उगाच फॉरमॅट झाली असतील. मदरबोर्डवर एक नाण्याएवढी बॅटरी असते, सीआर २०३२, तीन व्होल्टची. ती उतरली की तारीख-वेळ मागं जाते, आणि मशीन सुरू होताना सीमॉस चेकसम एरर म्हणून येतं. तारीख चुकली की वेबसाइट उघडत नाहीत, कनेक्शन सुरक्षित नाही म्हणतात, लोक नेटवाल्याला फोन करतात. इथपर्यंत ठीक. पण बॅटरीबरोबर बायोसमधल्या, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या बोर्डाच्या स्वतःच्या प्रोग्राममधल्या, बाकीच्या सेटिंग पण पुसल्या जातात, आणि त्यात एक असते साटा मोड, म्हणजे डिस्कशी कुठल्या पद्धतीनं बोलायचं ते. विंडोज टाकलं तेव्हा ती एएचसीआयवर होती, बॅटरी मेली, बोर्डानं आपल्या मूळच्या आयडीईवर नेली. आता विंडोजला डिस्कशी बोलायचा रस्ताच सापडत नाही, निळी स्क्रीन, खाली आकडा, शेवटी सेव्हन बी. डिस्क धडधाकट, विंडोज धडधाकट, डेटा जागच्या जागी. आणि दुकानात नेलं की सांगतात, करप्ट झालंय, फॉरमॅट मारावं लागेल. तर शेवटी सेव्हन बी दिसलं आणि घड्याळ पण मागं गेलं असेल, तर सुरू होताना डिलीट किंवा एफ टू दाबून बायोसमध्ये जा, स्टोरेज किंवा इंटिग्रेटेड पेरिफेरल्स अशा नावाखाली साटा मोड शोधा, जे आहे त्याच्या उलट करा, एफ टेन दाबून सेव्ह. सुरू झालं तर नवीन बॅटरी टाका, नाहीतर उद्या लाइट गेली की परत तेच. ती किराणा-जनरल स्टोअरमध्ये मिळते, घड्याळवाल्याकडं मिळते.

बाकीचे मेसेज पटकन. डिस्क बूट फेल्युअर किंवा ऑपरेटिंग सिस्टीम नॉट फाउंड आलं तर आधी मागचा-पुढचा पेन ड्राइव्ह, कार्ड रीडर सगळं उपसून काढा, बऱ्याचदा मशीन त्याच्यावरच विंडोज शोधत बसलेलं असतं. एनटीएलडीआर इज मिसिंग हे एक्सपीचं, बूटएमजीआर इज मिसिंग हे व्हिस्टा-सेव्हनपासून पुढचं, दोन्ही वेळी बायोसमध्ये डिस्क दिसते का ते बघा, दिसतच नसेल तर वायर, दिसत असेल तर विंडोजच्या सीडीवरून दुरुस्ती.

आणि आता तपासणी, जी करायचीच आहे, पण आता. कमांड प्रॉम्प्टमध्ये सी एच के डी एस के, स्पेस, सी कोलन, स्पेस, स्लॅश एफ. सी ड्राइव्ह चालू असल्यामुळं ते म्हणेल आत्ता जमत नाही, पुढच्या वेळी करू का, तिथं वाय दाबा, रिस्टार्ट. मागं काहीच न लावता नुसतं चेकडिस्क चालवलं तर ते फक्त बघतं, दुरुस्त करत नाही, आणि चालू ड्राइव्हवर कधी नसलेल्या चुका पण दाखवतं, त्यावर जाऊ नका. स्लॅश एफला तीन टप्पे असतात, स्लॅश आरला पाच, चौथा-पाचवा अख्खी डिस्क वाचतो म्हणून वेळ लागतो. टक्क्याचा आकडा एकाच जागी तासभर थांबला तरी बटण दाबून बंद करू नका, डिस्कचा लाल दिवा लुकलुकतोय तोवर काम चाललंय. रात्री लावून झोपा, यूपीएस धड असेल तरच.

एक युक्ती काही जण करून देतात ती सांगून ठेवतो. चेकएनटीएफएस स्लॅश एक्स नावाची कमांड मारतात, त्यानं सकाळची तपासणी यायची बंद होते. गिऱ्हाईक खूश, पैसे घेतले. खूण मात्र तशीच लागलेली असते, फक्त विचारणारा गप्प केलाय. दुरुस्तीनंतर मशीन एकदम गपगार झालं तर मघाची ती डर्टी क्वेरीवाली कमांड चालवून बघा, दुकानदारासमोरच.

नवीन डिस्क घ्यायची वेळ आली तर एसएसडी, म्हणजे आत फिरती तबकडी नसलेली डिस्क, घ्या, साटा केबल असलेल्या जुन्या मशीनला पण ती चालते आणि मशीन सुरू व्हायला जो चहा पिऊन होईपर्यंत वेळ लागायचा तो लागत नाही. रुंद पट्टीची आयडीई केबल असलेलं मशीन असेल तर मात्र थेट बसत नाही, कन्व्हर्टर लागतो, त्यात पैसे घालायच्या आधी विचार करा.

आणि काढलेली जुनी डिस्क भंगारवाल्याला देऊ नका, तिच्यात तुमच्या पॅन कार्डाचा स्कॅन असतो, पार्ट्यांचे हिशोब असतात. तिच्यावर जाड मार्करनं खराब असं लिहा, तारीख टाका. नाहीतर वर्षभरानं घरातलाच कुणीतरी, चांगली दिसतीय की म्हणून, तिला दुसऱ्या मशीनला जोडतो, आणि सकाळी परत पांढरी अक्षरं. नमस्कार.