आवाज बंद करून मराठी बातम्या बघा, मग कळेल स्क्रीनचं काय झालंय

नमस्कार मंडळी! आज रात्री जेवायला बसाल ना, तेव्हा टीव्हीवर कुठलंही मराठी न्यूज चॅनल लावा आणि म्यूट दाबा. आणि नुसतं मोजा, अक्षरं किती ठिकाणी आहेत ते. मी काल मोजलं. वर लाल पट्टी, तिच्यात ब्रेकिंग. कोपऱ्यात लोगो, लोगोच्या बाजूला लाईव्ह, त्याच्याखाली गावाचं नाव. मध्ये चार खिडक्या, प्रत्येक खिडकीखाली एकेक नाव. खाली दोन ओळींची जाडजूड हेडलाईन जी दर पाच सेकंदाला बदलतेय, तिच्याखाली पळणारी पट्टी, आणि तिच्याही खाली जाहिरात! अँकर कुठाय? डाव्या कोपऱ्यात, पासपोर्ट फोटोएवढी, बिचारीचं तोंड हलतंय. आणि गंमत म्हणजे मला बातमी सगळी कळली. बायको म्हणाली, मग आवाज कशाला लावतोस रोज? तर आजचा व्हिडिओ त्यावरच.

(स्क्रीनवर: जुना काळापांढरा टीव्ही, शटरवाला)

आता हाच प्रयोग दूरदर्शनच्या काळात केला असता तर? काहीच कळलं नसतं. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, वरळीला. बातम्या म्हणजे एक टेबल, मागे पडदा, हातात कागद आणि एक माणूस. प्रदीप भिडे, अनंत भावे, भक्ती बर्वे, आणि हो, स्मिता पाटील, सिनेमात येण्याआधी ती इथेच मराठी बातम्या वाचायची. जीन्सवरच साडी गुंडाळून कॅमेऱ्यासमोर बसायची हा किस्सा तुम्ही ऐकला असेलच, आणि लोक तो तिचा बिनधास्तपणा म्हणून सांगतात, पण मला त्यात फ्रेम दिसते. कॅमेरा टेबलाच्या खाली जायचाच नाही! छातीपासून वर जेवढं दिसतं तेवढीच बातमी. भिडे तर १९७४ पासून वाचत होते, चाळीसएक वर्षं तोच आवाज, २०२२ ला गेले तेव्हा लोकांनी चेहऱ्यापेक्षा आवाजाचीच आठवण जास्त काढली. बातमी ऐकायची गोष्ट होती, टीव्हीवर असूनसुद्धा.

आणि अक्षरं? होती, पण किती कष्टाने यायची बघा. आर्टिस्ट काळ्या कार्डावर पांढऱ्या रंगाने हाताने लिहायचा, ते कार्ड स्टँडवर ठेवायचं, दुसरा कॅमेरा त्याच्यावर धरायचा, आणि ती पांढरी अक्षरं पहिल्या कॅमेऱ्याच्या चित्रावर चढवायची. सुपरइम्पोज. आजही पीसीआरमध्ये, म्हणजे जिथून बुलेटिन चालवतात त्या रूममध्ये, कोणीतरी ओरडतं ना, "सुपर दे, सुपर दे", तो शब्द तिथून आलाय. आता एक नाव लिहायला एका माणसाचा एवढा वेळ जात असेल तर तुम्ही दर पाच सेकंदाला हेडलाईन बदलाल का? अक्षर महाग होतं म्हणून कमी होतं, आणि कमी होतं म्हणून नीट होतं.

मग मशीन आलं. कॅरॅक्टर जनरेटर. टाईप करा, बटण दाबा, स्क्रीनवर. भारतीय लिप्या कॉम्प्युटरवर आणायचं बरंचसं काम आपल्या पुण्यात सी-डॅक या सरकारी संस्थेत झालं, जिस्ट नावाचं कार्ड होतं त्यांचं, जुन्या लोकांना आठवेल. आणि त्या नावाच्या पट्टीला आपल्याकडे न्यूजवाले काय म्हणतात माहितीये? ॲस्टन. ॲस्टन ही ब्रिटनमधली कंपनी, ही मशीनं बनवायची. अमेरिकेत तसंच चायरन, तीही कंपनीच. आपण कसं फोटोकॉपीला झेरॉक्स म्हणतो, डिंकाला फेविकॉल म्हणतो, तसं. कंपनीचं नाव आज कुणाला आठवत नाही पण जिल्ह्याच्या गावातला केबल चॅनलवाला पोरगा पण म्हणतो, "सर ॲस्टन चुकलाय".

हे मी ऐकीव सांगत नाहीये, तो पोरगा मीच होतो. बारावीनंतर आमच्या तालुक्याच्या गावात एका लोकल केबल चॅनलला टायपिंग करायचो, नाव नाही सांगत. एक कॉम्प्युटर, एक हँडीकॅम, आणि संध्याकाळचं अर्ध्या तासाचं बुलेटिन ज्यात वीस मिनिटं वाढदिवसाच्या शुभेच्छा. एकदा नगराध्यक्षांची बाईट, म्हणजे कॅमेऱ्यासमोरचं बोलणं, चालू होती आणि मी मागच्या बातमीची पट्टी काढायलाच विसरलो. साहेब बोलतायत आणि खाली लिहिलंय, "पिसाळलेला कुत्रा अखेर जेरबंद". चाळीस सेकंद! दुसऱ्या दिवशी मालकाने मला त्यांच्या घरी पेढे घेऊन पाठवलं, ते हसले म्हणून वाचलो.

तर मुद्दा, अक्षर स्वस्त झालं. पण एक भानगड होती जी मला फार उशिरा कळली. जुना टीव्ही, पिक्चर ट्यूबवाला, त्याचं चित्र ५७६ आडव्या रेषांचं असायचं आणि त्या सगळ्या एकदम नाही यायच्या, आधी एक सोडून एक, मग राहिलेल्या. त्यामुळे एखादी बारीक आडवी रेघ असली की ती लुकलुकायची. इंग्रजीचं एकवेळ भागतं. पण देवनागरीला प्रत्येक शब्दाच्या डोक्यावर काय असतं? शिरोरेषा! आख्खी लिपीच आडव्या रेघेला लटकलेली. बारीक फॉन्ट घेतला की सगळ्या शब्दांची डोकी थरथरतात. म्हणून मग जाड फॉन्ट. जाड अक्षरांत मात्रा, रफार, वेलांट्या घुसमटतात, म्हणून अजून मोठा साईज, मग पट्टी अजून उंच. म्हणजे आजच्या त्या ढबोल्या अक्षरांमागे नुसता भडकपणा नाहीये, थोडी ती जुनी सवय पण आहे असं मला वाटतं. आता टीव्ही बदलले, एचडी आलं, ती थरथर गेली, जाडी काही गेली नाही.

आणखी एक, त्या जुन्या टीव्हीत चित्राच्या कडा चौकटीखाली कापल्या जायच्या. म्हणून अक्षर कडेला लावायचं नाही, आत घ्यायचं, त्याला सेफ एरिया म्हणतात. हे लक्षात ठेवा, शेवटी लागणारे.

मग आला तो काळ. ईटीव्ही मराठी २००० ला आलं, हैदराबादहून चालायचं. पण २००७ मध्ये झी २४ तास आणि स्टार माझा, जे २०१२ ला एबीपी माझा झालं, मग २००८ ला आयबीएन लोकमत, म्हणजे दीड वर्षाच्या आत मराठीत दिवसभर बातम्या. आता अर्धा तास भरायचा आणि चोवीस तास भरायचे यात फरक आहे ना बाबांनो. चित्र कुठून आणणार एवढं? रिपोर्टरने पाठवलेला तुकडा चाळीस सेकंदांचा, बातमी चालवायची तासभर. तोच पूल, तीच गाडी, तोच साहेब गाडीतून उतरतो, परत उतरतो, परत उतरतो. चित्र जागेवर उभं राहिलं की त्याच्या भोवतीचं सगळं हलवावं लागतं, मग लाल गोल, बाण, फिरणारी चौकट, पळणारी पट्टी.

पळणाऱ्या पट्टीचं मूळ आपल्याकडचं नाही. ११ सप्टेंबर २००१ ला अमेरिकेत हल्ला झाला, एवढी माहिती एकदम यायला लागली की तिथल्या न्यूज चॅनलांनी खाली टिकर सुरू केला, आणि दिवस सरले पण तो काढलाच नाही. आपली चॅनलं जन्मली तीच टिकर घेऊन. जसं काही पाळण्यातच.

लोक म्हणतात सगळं टीआरपीसाठी. असेल, पण मला ते पुरेसं वाटत नाही. ऑक्टोबर २०२० ते मार्च २०२२ न्यूज चॅनलांचे रेटिंगचे आकडेच बंद होते, तो टीआरपी घोटाळा गाजला होता ना तेव्हापासून, आणि त्या काळात मला तरी एकही पट्टी कमी झालेली दिसली नाही. मला खरं कारण सलूनमध्ये सापडलं. आमचा न्हावी टीव्ही कायम म्यूट ठेवतो आणि मोबाईलवर गाणी लावतो. एसटी स्टँडच्या कँटीनमध्ये तेच, बँकेत तेच, दवाखान्याच्या वेटिंगमध्ये तेच. तिथे बातमी ऐकणारा कुणी नाहीच, आहे तो मान वर करून दोन सेकंद वाचणारा. घरीसुद्धा माणूस रिमोट घेऊन फिरत फिरत येतो, तो नेमका कुठल्या सेकंदाला येईल सांगता येत नाही, तर तो येईल त्या सेकंदाला त्याला कळलं पाहिजे की काय चाललंय. मग सगळं सगळीकडे लिहून ठेवा.

आणि इथे माझी खरी तक्रार आहे. बातमी वाचायची गोष्ट झाली ना, ठीक आहे, मग ती लिहिणाऱ्याला वेळ तरी द्या! आख्ख्या बिल्डिंगमध्ये सगळ्यात घाईत असलेला माणूस ती पट्टी लिहितो. दूरदर्शनवर वाचणाऱ्यांचे उच्चार घासूनपुसून घेतले जायचे. आता उच्चारांच्या जागी पट्टी आली, तिचं व्याकरण कोण बघतं? "पाणी" चं "पानी", "आणि" चं "आणी". बरं, टाईप करणाऱ्याचाच दोष असतो असंही नाही. बऱ्याच ग्राफिक्स सॉफ्टवेअरना देवनागरीची जोडाक्षरं जमायचीच नाहीत, "मुख्यमंत्र्यांच्या" टाईप केलं की पाय मोडलेली अक्षरं रांगेत उभी, आणि "दुसऱ्या" मधला तो ऱ्य, तो तर हिंदीला लागतच नाही म्हणून त्याच्याकडे कुणी बघायचंच नाही. मी श्रीलिपी नावाच्या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये टाईप करून त्याचा फोटो काढल्यासारखं चिकटवायचो.

(स्क्रीनवर: दोन प्रकारचे ल आणि श शेजारी शेजारी)

हे बघा. हा पाकळीवाला ल आपला, हा दांडीवाला हिंदी. श चं पण तसंच, देठवाला आपला. २००९ मध्ये महाराष्ट्र सरकारने जीआर काढून मराठीचे ल आणि श कसे असावेत ते ठरवून दिलंय. आता आज रात्री म्यूट करून बघाल तेव्हा हेही बघा, मराठी चॅनलवर ल कुठला आहे. फॉन्ट दिल्लीहून आला की ल पण तिकडूनच येतो. कुणी म्हणेल काय फरक पडतो, मला पडतो बाबा, लहानपणी त्या ल साठी बाईंची पट्टी खाल्लीय.

अँकर उभे का राहिले हा पण एक मजेदार प्रकार. आधी मागे हिरवा पडदा असायचा, क्रोमा, त्याच्यावर कॉम्प्युटरने खोटा स्टुडिओ चढवायचा. त्याचा नियम साधा, हिरवं काही घालायचं नाही, घातलं तर तेवढा भाग गायब. आता नवरात्र आलं. नऊ दिवस नऊ रंग, सगळ्या ऑफिसात, लोकलमध्ये, चॅनलमध्ये पण. हिरव्याच्या दिवशी अँकरने हिरवी साडी नेसली की पदराच्या जागी मंत्रालय दिसणार! आता मोठमोठ्या एलईडी भिंती आल्या, त्या खऱ्याच असतात, हिरवं नेसा नाहीतर काहीही. आणि भिंत एवढी मोठी की तिच्यासमोर बसलेला माणूस मुंगीसारखा दिसतो, म्हणून उभं राहा, चाला, हात दाखवा.

निवडणुकीचे ग्राफिक्स तर वेगळाच विषय. २८८ जागा, बहुमत १४५, एवढं सोपं होतं. मग पक्ष फुटले आणि ग्राफिक्सवाल्यांची झोप उडाली, कारण डब्यात नाव मावायला पाहिजे ना. "शिवसेना (उद्धव बाळासाहेब ठाकरे)" हे तुम्ही इवल्याशा चौकटीत बसवून दाखवा. "नॅशनलिस्ट काँग्रेस पार्टी – शरदचंद्र पवार", बसवा. मला वाटतं "उबाठा" हा शब्द घराघरात जाण्यात राजकारणाइतकाच हात त्या चौकटीच्या रुंदीचा आहे. २३ नोव्हेंबर २०२४ ला निकालाच्या दिवशी माझे वडील आवाज मोठा करून बसले होते पण बघत होते फक्त आकडे, आणि अँकर काय म्हणाला विचारलं तर म्हणे "कोण अँकर?"

सरकारचं लक्षही आता पट्ट्यांवर गेलंय. ऑगस्ट २०२४ मध्ये, वायनाडच्या दरडीनंतर, माहिती-प्रसारण खात्याने चॅनलांना सांगितलं की आपत्तीची, अपघाताची दृश्यं दाखवताना वर तारीख आणि वेळ टाका, कारण तोच तोच पूर दिवसेंदिवस दाखवतात आणि लोकांना वाटतं आत्ता चाललाय. मला विचाराल तर एवढ्या सगळ्या पट्ट्यांमध्ये ही एकच कामाची आहे, आणि तीच सगळ्यात बारीक असते. मग मे २०२५ मध्ये सिव्हिल डिफेन्सवाल्यांनी चॅनलांना सांगितलं की प्रोग्राममध्ये हवाई हल्ल्याचा सायरन वाजवू नका, उद्या खरा वाजला तर लोक म्हणतील टीव्ही चालू आहे.

एआय अँकरबद्दल कमेंटमध्ये विचाराल म्हणून एवढंच सांगतो, डीडी किसानवर २६ मे २०२४ पासून क्रिश आणि भूमी आहेत, कॉम्प्युटरने बनवलेले. पासपोर्ट फोटोएवढ्या खिडकीत माणूस आहे की नाही हे तसंही कोण बघतंय.

आणि आता मोबाईल. उभी फ्रेम. परवा एक ओळखीचा मुलगा भेटला, एका चॅनलच्या डिजिटल टीममध्ये आहे, त्याला विचारलं हल्ली शॉर्ट्समध्ये हेडलाईन अशी मधोमध, अँकरच्या छातीवर का लावता रे? तर म्हणाला, "दादा खाली लाईक, शेअर, कॅप्शन सगळं ॲपचं येतं, उजवीकडे बटणं येतात, कडेला लावलं की कापलं जातं. म्हणून आम्ही आत घेतो. सेफ एरिया म्हणतात त्याला." मी म्हटलं, अरे वा, हो का.

चला, भेटू पुढच्या व्हिडिओत. आणि हो, कुठल्या चॅनलवर कुठला ल दिसला ते खाली नक्की लिहा.