पिकाची मजुरी आणि हातातलं कसब

नमस्कार श्रोतेहो.

इचलकरंजीच्या यंत्रमाग कारखान्यात कामगाराची मजुरी पिकावर ठरते. इंचभर कापडात बाण्याचे, म्हणजे आडवे, किती धागे बसले तो पिक. आणि तसं कापड किती मीटर विणलं, त्यावर पैसे. जो जास्त विणेल त्याला जास्त. ऐकायला किती सरळ!

पण एखादी पाळी मागांजवळ उभं राहून बघा. सूत कच्चं आलं की ताणा, म्हणजे उभे धागे, सारखा तुटतो. कामगार या मागावरून त्या मागावर धावतो, गाठी मारतो, तोवर माग बंद. वीज गेली की सगळेच बंद. सूत त्यानं आणलेलं नसतं, वीज त्याच्या हातात नसते, मजुरी मात्र त्याची बुडते. खर्चीवर, म्हणजे व्यापाऱ्याचं सूत मजुरीनं विणून देत, माग चालवणारा छोटा मालकही व्यापाऱ्याकडून पिकावरच पैसे घेतो, त्याचीही ओढाताण मी जाणतो. तरीही सगळी झळ शेवटच्या माणसानं सोसावी, हे मला पटत नाही.

अमेरिकेत क्लीव्हलँडची लिंकन इलेक्ट्रिक ही वेल्डिंगची यंत्रं बनवणारी कंपनी नगावरच्या मजुरीसाठी नावाजलेली. 1934 पासून ती वार्षिक बोनस देऊ लागली. तो वाटताना नगांबरोबर दर्जा, भरवसा आणि कामगारानं सुचवलेल्या सुधारणाही बघितल्या जात. खराब नग ज्याचा, त्यानंच तो आपल्या वेळात दुरुस्त करायचा, इतकी शिस्त कडक. पण त्याच कंपनीनं 1958 मध्ये जुन्या कामगारांना कामाची हमीही दिली.

आणि कसबाचं काय? सरकारी किमान वेतनात अकुशल, अर्धकुशल, कुशल अशी प्रतवारी असते. पिकाचा दर माणूस बघत नाही. जुना कारागीर नुसत्या आवाजावरून आडवा धागा नेणाऱ्या धोट्याची खोड ओळखतो. तो नव्या पोराला शिकवायला थांबला, की त्याचेच मीटर कमी भरतात. मग शिकवणार कोण?

म्हणून कारखानदारांना माझी विनंती आहे. हजेरीचा ठरावीक पगार आधी, पिकाचे पैसे त्यावर. अवघड कापड विणणाऱ्याला आणि शिकवणाऱ्याला वेगळा भत्ता. आणि मागाशेजारी एक वही टांगा. माग कधी थांबला आणि कशामुळे, ते कामगारानं स्वतःच्या हातानं लिहायचं. शनिवारी हिशेब करताना ती वही दोघांच्या मध्ये उघडी असू द्या.

नमस्कार.