तिसरा गिअर

(पडदा काळा. आवाज: पाना निसटतो, एक शिवी, मग दोघांचं हसू.)

पुण्यात शंकरशेठ रस्त्याच्या मागे एक बोळ आहे. चार मोटारी कशाबशा मावतील एवढी जागा, वर पत्रा. सकाळचे साडेनऊ वाजलेत, मिस्त्रींचा दुसरा चहा चाललाय. आपण जिच्यासाठी आलोय ती गाडी मागे लोखंडी घोड्यांवर उभी आहे.

उंची माणसाच्या कमरेएवढी. दारं नाहीत, छप्पर नाही. लोखंडी नळ्यांचा सांगाडा, त्यावर ॲल्युमिनियमचे पत्रे, पुढे फायबरचं नाक. पुढची चाकं बॉडीच्या बाहेर, खेकड्याच्या पायांसारखी. सिग्नलला थांबली की शेजारचा रिक्षावाला विचारतोच, "काका, कुठल्या कंपनीची?"

उत्तर जरा लांबचं आहे. १९५७ साली इंग्लंडमध्ये कॉलिन चॅपमन यांच्या लोटस कंपनीने 'सेव्हन' नावाची गाडी आणली. वजन साधारण पाचशे किलो. तिथे तयार मोटारीवर खरेदी कर होता. तेच भाग गिऱ्हाइकाने घरी नेऊन स्वतः जोडले तर तो कर वाचायचा. म्हणून गाडी खोक्यांतून विकायची. जुळणीची पुस्तिका सोबत दिली तर पुन्हा कर, म्हणून म्हणे कंपनी गाडी सुटी कशी करावी याची पुस्तिका द्यायची. गिऱ्हाइकाने ती शेवटाकडून वाचत यायचं! १९७३ साली या गाडीचे हक्क केटरहॅमकडे गेले. सांगाड्याची कल्पना मात्र कुणा एकाच्या मालकीची उरली नाही. जगभर लोकांनी ती आपापल्या अंगणात वेल्ड केली.

पुण्यात ती एका सरांनी केली. इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायचे, आता निवृत्त आहेत. इंजिन इसुझूचं, १.८ लिटरचं, म्हणजे आपल्याकडे काँटेसात आणि ॲम्बेसेडर १८०० मध्ये यायचं तेच. गिअरबॉक्स मात्र तेव्हा हाताशी होती ती लावली, कुठल्याशा व्हॅनची चार गिअरची, मध्ये जाड प्लेट टाकून. गाडी अनेक वर्षं पळाली. मग तिसरा गिअर सुटायला लागला.

सुटायला म्हणजे असं. उतार लागला, ॲक्सिलरेटरवरून पाय काढला, की टक् करून दांडा न्यूट्रलला. कात्रजचा जुना घाट उतरताना सर डाव्या हाताने दांडा दाबून धरायचे आणि एका हाताने वळणं घ्यायचे. ऑइल शेवटचं कधी बदललं होतं, हे त्यांनी कॅमेऱ्यासमोर सांगितलं नाही. ते ऑइल काढायच्या ड्रेन प्लगने सांगितलं.

(दृश्य: ड्रेन प्लगचं लोहचुंबक. त्यावर करड्या लोखंडी भुग्याची दाढी.)

दोन मोठ्या वर्कशॉपनी गाडी आत घ्यायलाच नकार दिला. तिथे जॉब कार्ड उघडायला कॉम्प्युटरमध्ये मॉडेलचं नाव टाकावं लागतं. या गाडीला नावच नाही. मिस्त्रींकडे कॉम्प्युटर नाही, त्यामुळे हा प्रश्न आला नाही.

जुनी पेटी, म्हणजे गिअरबॉक्स, उतरवली त्या दिवशी आम्ही नव्हतो. आलो तेव्हा ती वर्तमानपत्रावर उघडी पडली होती. मिस्त्री तिसऱ्या गिअरवर नख फिरवतात. बघा. गिअर धरून ठेवणारे हे बारीक दात टोकदार असायला हवेत. हे वापरलेल्या साबणासारखे गोल झालेत. दांड्याच्या रॉडला जागेवर अडवणारा छर्रा ठीक आहे, पण त्याच्या मागची स्प्रिंग मेली आहे. मिस्त्रींच्या हाताखालचा बारक्या ती दोन बोटांत दाबून दाखवतो. त्याला कॅमेरा आवडतो.

दुसरी पेटी भवानी पेठेतल्या भंगारात मिळाली. ॲम्बेसेडर १८०० ची, पाच गिअरची, मूळ याच इंजिनाची जोडीदार. बंगालमधल्या उत्तरपाड्याच्या कारखान्यात ॲम्बेसेडर बनणं २०१४ च्या मे महिन्यात थांबलं, पण भंगारातून तिच्या पेट्या अजून निघतात. गोडाऊनच्या मालकाने आम्हाला आत येऊ दिलं नाही, म्हणून सौदा कितीला तुटला ते या फिल्ममध्ये नाही.

भंगारातली पेटी मिस्त्री तशीच बसवत नाहीत. गिअर पडताना वेग जुळवून देणारी पितळी सिंक्रो रिंग गिअरच्या निमुळत्या कडेवर बसवून दाबायची, आणि मधल्या फटीत फिलर गेजचं, म्हणजे फट मोजायच्या पट्टीचं, पान घालून बघायचं. पान गेलं तर रिंगमध्ये जीव आहे. पहिलीत गेलं, दुसरीत गेलं. तिसऱ्या गिअरच्या रिंगला मिस्त्री तीन ठिकाणी पान लावून बघतात आणि काही न बोलता ती पुसून ठेवतात. बेअरिंग, ऑइल सील आणि स्प्रिंगा मात्र सगळ्या नव्या.

(दृश्य: लाकडी डमी, मिस्त्रींच्या तळहातावर.)

हा सागवानाचा तुकडा नीट बघा. लेथवर कातलेला, वापरून वापरून काळा पडलेला. मिस्त्री ज्यांच्या हाताखाली शिकले त्या वस्तादांनी केलेला. क्लच प्लेट प्रेशर प्लेटखाली कसायच्या आधी ती बरोबर मध्यावर यावी लागते, कारण पेटीचा शाफ्ट तिच्या दात्यांतून जाऊन पलीकडे इंजिनाच्या क्रँकच्या टोकातल्या पायलट बेअरिंगमध्ये शिरतो. प्लेट केसभर सरकली तरी शाफ्ट आत जात नाही. डमी घालायची, बोल्ट समोरासमोरचे थोडे थोडे आवळायचे, डमी काढायची. ती सहज निघाली, म्हणजे प्लेट मध्यावर आहे.

आता पेटी. या गाडीत दोन सीटांमधला बोगदा इतका अरुंद, की इंजिन आणि गिअरबॉक्स बाहेरच जोडायचे आणि मग पुढून तिरके आत उतरवायचे. इंजिन चेन कप्पीला टांगलंय. पेटी जॅकवर, आणि शेपटाकडून बारक्याच्या हातात.

"वस्ताद, लागतंय."

"लोंबू देऊ नको. शाफ्टवर वजन आलं तर प्लेट गेली."

पहिल्यांदा बोटभर फट राहते. इथे घाई करणारा माणूस बोल्ट लावतो आणि पान्याने पेटी ओढून घेतो. मग बेल हाउसिंगचा, म्हणजे पेटीच्या पुढच्या घंटेसारख्या कवचाचा, कान तुटतो, नाहीतर प्लेट वाकते. मिस्त्री पेटी मागे घेतात. शेपटाकडचा शाफ्ट जरासा फिरवतात. गिअर टाकलेला आहे, त्यामुळे पुढचं टोकही फिरतं. पुन्हा पुढे. पुन्हा फट. मिस्त्री खाली बसून फटीतून पलीकडचा उजेड बघतात. वर जास्त दिसतो, खाली कमी. जॅक पाव फेरा खाली. चौथ्या वेळेस कुणी जोर लावलेला दिसत नाही, आणि पेटी आपली आपण जाते.

हा आवाज माइकने छान पकडलाय. पुन्हा ऐका.

(तोच शॉट, निवेदनाशिवाय.)

पुढचं काम तीन दिवसांचं. दांडा जुन्या जागेपेक्षा चार बोटं मागे आला, म्हणून बोगद्याचा पत्रा कापला. पेटीखालच्या आडव्या पट्टीला नवी भोकं पाडली. पेटी लांब, म्हणजे तिथून मागच्या चाकांकडे जाणारा प्रोपेलर शाफ्ट आखूड हवा. तो भोसरीत कापून, वेल्ड करून, बॅलन्स होऊन आला. शाफ्टच्या दोन्ही टोकांच्या क्रॉसना, म्हणजे सांध्यांना, सारखाच कोन मिळायला हवा, नाहीतर वेगात गाडी थरथरते. तो कोन मिस्त्री बारक्याच्या मोबाइलवर मोजतात. कॉम्प्युटर नाही म्हणालो होतो, तेवढं मागे घेतो.

ऑइलच्या डब्यावर जीएल-४ असा दर्जा लिहिलेला आहे ना, ते मिस्त्री चष्मा लावून वाचतात. जीएल-५ मागच्या ॲक्सलमधल्या डिफरन्शिअलला उत्तम, पण त्यातली गंधकाची रसायनं पितळी रिंगांना खाऊ शकतात. दुकानदार दोन्ही डबे सारख्याच खात्रीने देतो.

स्पीडोमीटर आता चुकीचा वेग दाखवतो. जड मोटारीसाठी केलेला पहिला गिअर या हलक्या गाडीत सुरू होतो न होतो तोच संपतो. नोंदणीपत्रावर नंबर असतो तो इंजिनाचा आणि चॅसिसचा, गिअरबॉक्सचा नाही, एवढं सांगून सरांनी विषय संपवला. आणि बोळातली ही जागा बिल्डरकडे गेली आहे. दिवाळीनंतर शेड नसेल, बारक्या चाकणला असेंब्ली लाइनवर लागतोय.

(दृश्य: कात्रज, जुना घाट. पहाट.)

चढावर दुसरा, तिसरा, पुन्हा दुसरा. जुन्या बोगद्याच्या तोंडाशी गाडी वळते. खाली पुणं, अजून दिवे चालू असलेलं. मिस्त्री शेजारच्या सीटवर, पान्यांची पिशवी मांडीवर.

उतार. तिसरा गिअर. सर ॲक्सिलरेटरवरून पाय काढतात. डावा हात अजून दांड्यावरच आहे, जुन्या सवयीने दाबून धरलेला. एक वळण जातं. दुसऱ्या वळणाआधी मिस्त्री त्यांचं मनगट धरतात, हात उचलतात आणि स्टिअरिंगवर ठेवतात.

(दृश्य: दांडा, अगदी जवळून. घाट संपेपर्यंत. निवेदन नाही.)